वाळवंटी हवामानात घरची भाजीबाग : पहिल्या वाफ्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत

उष्ण वाळवंटी हवामानात नव्याने भाजीपाला लावणाऱ्याची पहिली बाग बहुधा वसंतात सुरू होते आणि उन्हाळ्याच्या पहिल्याच महिन्यात संपते. रोपे जोमाने वाढतात, टोमॅटोला फुले येतात आणि मग आठवड्याभरात फुले गळू लागतात, पानांच्या कडा करपतात. पाणी कमी पडले असे समजून माणूस दिवसातून तीनदा पाणी घालू लागतो आणि उरलीसुरली रोपे मुळाशी कुजतात. बागकामावरचे बरेचसे लिखाण समशीतोष्ण प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून झालेले असते आणि त्यातले वेळापत्रक वाळवंटात जवळजवळ उलटे करून वाचावे लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा लागवडीची वेळ, माती आणि पाणी यांना दिली आहे. खते, कीड आणि बाकीच्या गोष्टी त्यामानाने थोडक्यात येतील, कारण पहिल्या तीन गोष्टी चुकल्या तर बाकीच्यांपर्यंत पोचण्याची वेळच येत नाही.

लागवडीची वेळ

वाळवंटात भाजीपाल्याचे वर्ष उन्हाळा ओसरताना सुरू होते. उत्तर गोलार्धात ही वेळ साधारणपणे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर अशी येते आणि दक्षिण गोलार्धात मार्चअखेर ते एप्रिल; परंतु दिनदर्शिकेपेक्षा तापमापकावर विसंबणे चांगले. दिवसाचे कमाल तापमान सलग आठवडाभर ३५ अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागले की मुळा, सलगम, बीट, मेथी, पालक आणि कांद्याची पेरणी करता येते. लेट्यूस, वाटाणा, कोबी आणि फ्लॉवर यांच्यासाठी आणखी दोन-तीन आठवडे थांबावे, कारण त्यांना दिवसाचे १५ ते २५ अंश तापमान मानवते. या पिकांचा हंगाम पुढे हिवाळाभर चालतो आणि नवख्या माणसाला यश मिळते ते याच हंगामात.

टोमॅटोचा हिशेब थोडा वेगळा आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २१ ते २४ अंशांच्या वर राहू लागले की त्याच्या परागकणांची फलनक्षमता घटते आणि फूल देठाच्या गाठीशी पिवळे पडून गळते. झाड हिरवेगार दिसते, फुलोरा भरपूर असतो, पण फळ धरत नाही. खते वाढवून किंवा फवारण्या करून यात फरक पडत नाही. म्हणून रोप अशा बेताने लावायचे की पहिली फुले उघडतील तेव्हा रात्री थंड असतील. रोप लावल्यापासून चार ते सहा आठवड्यांनी फुले येतात असे धरून मागे मोजले की लागवडीची तारीख मिळते. वर्षात अशा दोन संधी मिळतात : एक उन्हाळा संपतासंपता लावलेल्या रोपांची, दुसरी हिवाळा सरतासरता लावलेल्या रोपांची. दुसरी संधी फार अरुंद असते, त्यामुळे त्या वेळी ६० ते ७० दिवसांत तयार होणारे, लहान फळांचे वाण निवडावेत. चेरी टोमॅटो मोठ्या फळांच्या वाणांपेक्षा उष्णतेत अधिक काळ फळ धरतात. ऊन वाढल्यावर झाडावरची फळे लाल होण्याऐवजी केशरी-पिवळी राहतात, कारण ३० अंशांच्या पुढे लाल रंगद्रव्य तयार होणे मंदावते. रंग फिरू लागलेले फळ तोडून घरात सावलीला ठेवले तर ते व्यवस्थित लाल होते.

एक सावधगिरी मात्र हवी. समुद्रापासून दूर असलेल्या वाळवंटात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे जमिनीतली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि हिवाळ्यात दहिवर गोठून टोमॅटो, मिरची, वांगी एका रात्रीत काळी पडू शकतात. तसा अंदाज असेल तेव्हा दिवसा वाफ्याला पाणी द्यावे, कारण ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते, आणि संध्याकाळी काठ्यांच्या आधाराने जुनी चादर पसरून सकाळी ती काढून घ्यावी.

जागा आणि आकार

हिवाळी पिकांना दिवसाचे किमान सहा तास ऊन लागते, तर उन्हाळ्यात त्याच पिकांना दुपारनंतरची सावली हवी असते. दोन्ही साधणारी जागा म्हणजे सकाळचे ऊन घेणारी, पश्चिमेला काहीतरी आडोसा असलेली. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून वाफा करू नये. ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणजे वर सांगितलेल्या थंड रात्री त्या कोपऱ्यात येतच नाहीत. जागा उन्हाळ्यात निवडत असाल तर हिवाळ्यात सूर्य खालून जातो आणि सावल्या लांबतात, हेही ध्यानात ठेवावे.

वाऱ्यासाठी आडोसा भक्कम भिंतीचा नसावा. भिंतीवरून उडी मारलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. त्यापेक्षा जवळजवळ निम्मी भोके असलेले कुंपण, जाळी किंवा झुडपांची रांग वाऱ्याचा वेग मोडते आणि आपल्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत उपयोगी पडते. कोवळ्या रोपांना वाऱ्यापेक्षा वाऱ्याबरोबर येणारी वाळू जास्त इजा करते, म्हणून पहिल्या महिन्यात हा आडोसा जमिनीलगत दाट असावा.

आकाराच्या बाबतीत माझा आग्रह आहे की पहिल्या वर्षी एकच वाफा करावा : १.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब, म्हणजे ३ चौरस मीटर. रुंदी एवढीच ठेवली की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि माती पायाने तुडवली जात नाही. हा वाफा छोटा वाटतो, परंतु त्यालाही किती कंपोस्ट आणि पाणी लागते हे पुढे आकड्यांत आले की तो पुरेसा मोठा वाटू लागेल. वाफा नळापासून आणि स्वयंपाकघराच्या दारापासून जितका जवळ, तितका बरा; लांबच्या बागेकडे दुपारी पाहायला कोणी जात नाही.

मातीची परीक्षा

कुदळ मारण्यापूर्वी तीन परीक्षा घरीच कराव्यात. पहिली निचऱ्याची : ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. तासाला २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर खाली चुनखडीचा कठीण थर असण्याची शक्यता आहे. हा थर काही वाळवंटी जमिनींत वीतभर खोलीवर लागतो आणि पहारीशिवाय फुटत नाही. तो फोडता आला तर उत्तम, नाहीतर जागा बदलावी किंवा उंच वाफा करावा.

दुसरी परीक्षा चुन्याची. मूठभर कोरड्या मातीवर थोडे व्हिनेगर ओतावे. फेस येऊन चुरचुर आवाज झाला तर माती चुनखडीयुक्त आहे आणि तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा; ७ च्या वर अल्कधर्मी) बहुधा ८ च्या आसपास असणार. अशा मातीत राख किंवा चुना कधीही मिसळू नये. सामू उतरवण्यासाठी गंधक टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु मातीत मोकळा चुना असेल तोवर गंधकापासून तयार होणारे आम्ल त्या चुन्यातच खर्ची पडते आणि सामू जागचा हलत नाही. अशा जमिनीत सामूच्या मागे लागण्यापेक्षा सेंद्रिय पदार्थ वाढवणे फलदायी ठरते.

तिसरी परीक्षा क्षारांची, आणि ती डोळ्यांनी होते. पाणी वाळल्यावर पृष्ठभागावर पांढरी पूड किंवा पापुद्रा दिसत असेल तर प्रयोगशाळेतून मातीची आणि पाण्याची विद्युतवाहकता (क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त) तपासून घेणे हा खर्च वाया जात नाही. फरसबी आणि गाजर यांचे उत्पन्न मातीतली विद्युतवाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की घटू लागते, कांद्याचे आणि मुळ्याचे १.२ च्या वर, टोमॅटो २.५ पर्यंत तग धरतो, बीट ४ पर्यंत आणि चवळी जवळजवळ ५ पर्यंत. थोडक्यात, खारट पाणी असलेल्याने फरसबीचा नाद सोडून चवळी लावावी. घरात पाणी मृदू करणारे यंत्र असेल तर बागेचा नळ त्याच्या अलीकडून घ्यावा, कारण मिठावर चालणारी ही यंत्रे पाण्यात सोडियम सोडतात आणि सोडियम मातीची घडण बिघडवतो.

वाळवंटी मातीत सेंद्रिय पदार्थ बहुधा १ टक्क्याहूनही कमी असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी हात आखडता घेऊन चालत नाही. वाफ्यावर ८ सेंटिमीटर जाडीचा चांगल्या कुजलेल्या कंपोस्टचा थर पसरून तो वरच्या २० ते २५ सेंटिमीटर मातीत मिसळावा. आपल्या ३ चौरस मीटरच्या वाफ्याला याचा हिशेब २४० लिटर होतो, म्हणजे मोठी गोणी ४० लिटरची असेल तर सहा गोण्या. गरम आणि ओलसर मातीत सेंद्रिय पदार्थ फार लवकर विघटित होतात, त्यामुळे प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला आणखी ३ ते ५ सेंटिमीटर भर घालावी लागते. ताजे शेणखत वापरू नये. कोंबडीखत तर कुजलेले असले तरी जपून वापरावे, कारण त्यात क्षार बरेच असतात. विकतच्या कंपोस्टची खात्री नसेल तर एका कुंडीत ते मातीत निम्मे मिसळून मुळ्याचे दहा दाणे पेरावेत. आठवड्याभरात आठ-नऊ दाणे रुजून पाने हिरवी राहिली तर ते कंपोस्ट वाफ्यात घालायला हरकत नाही.

वाफा खोलगट करावा

सगळीकडे उंच वाफ्यांची शिफारस केली जाते. जिथे पाऊस जास्त आणि निचरा कमी असतो तिथे ती योग्यच आहे. वाळवंटात मात्र उंच वाफा चारही बाजूंनी तापतो, वाऱ्याने सुकतो आणि पाणी कडेने सोडून देतो. कठीण थर किंवा खारवट पाणथळ जमीन नसेल तर वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर खोल ठेवावा आणि निघालेल्या मातीचा काठाने बांध घालावा. पाणी आतच राहते, बांधाची थोडी सावली मिळते आणि रोपे लहान असताना वारा त्यांच्या डोक्यावरून जातो. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधल्या झुनी लोकांनी याच तत्त्वावर छोट्या चौकोनी खळग्यांच्या बागा केल्या. वरून पाहिले तर त्या जाळीदार बिस्किटासारख्या दिसतात आणि प्रत्येक चौकोनात तेवढ्यापुरतेच पाणी ओतले जाते. एका वाफ्यात असे आडवे बांध घालून दोन-तीन कप्पे केले तर गाजर आणि टोमॅटोला वेगवेगळे पाणी देणेही सोपे जाते.

काम या क्रमाने करावे : आधी पूर्ण वाफ्याला पाणी देऊन दोन दिवस थांबावे, माती वाफशावर आली की, म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण बोटाने ढकलल्यावर फुटतो अशा स्थितीत, खोदावे, वरची माती वेगळी काढून ठेवावी, तळ कुदळीने हलवावा, कंपोस्ट मिसळलेली माती परत भरावी आणि पातळी काठापेक्षा १५ सेंटिमीटर खाली ठेवून सपाट करावी. सपाटपणा इथे फार महत्त्वाचा आहे. दोन बोटांचा उतार असला तरी सगळे पाणी एका टोकाला जमते. पेरणीपूर्वी पुन्हा एकदा भरपूर पाणी देऊन आठवडाभर थांबल्यास तण उगवून येते आणि ते खुरप्याने सहज निघते.

पाणी

नवशिक्याच्या चुका सर्वांत जास्त इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. १ मिलीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. वाळवंटात कडक उन्हाळ्यात पूर्ण वाढलेला वाफा बाष्पीभवन आणि पानांतून होणारे उत्सर्जन मिळून दिवसाला ८ ते १० मिलीमीटर पाणी घालवतो, म्हणजे आपल्या वाफ्याला दिवसाला २४ ते ३० लिटर लागतात. हिवाळ्यात ही गरज त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येऊ शकते. प्रश्न हा की ते पाणी किती खोल जाते. रोज थोडे थोडे शिंपडले तर वरचे ५ सेंटिमीटर ओले होतात, मुळे तिथेच घोटाळतात आणि दुपारी नेमका तोच थर भट्टीसारखा तापतो. उलट, एकदाच भरपूर पाणी देऊन वरची माती सुकू दिली तर मुळे खाली उतरतात, जिथे तापमान दिवसभर फारसे बदलत नाही.

किती खोल गेले ते पाहण्यासाठी हाताच्या लांबीची, बोटापेक्षा बारीक लोखंडी सळई पुरते. पाणी दिल्यानंतर तासाभराने ती मातीत दाबावी. ओल्या मातीत ती लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि कोरडा थर लागला की अडते. अडली तिथे अंगठा धरून बाहेर काढून मोजावे. भाजीपाल्यासाठी ३० सेंटिमीटर ओल हवी, टोमॅटो आणि कलिंगडासारख्या खोल मुळांच्या पिकांना ४५. निव्वळ वाळूत २५ मिलीमीटर पाणी सुमारे ३० सेंटिमीटर खोल उतरते, तर चिकण मातीत तेवढेच पाणी १० ते १३ सेंटिमीटरवर थांबते. त्यामुळे वाळूला कमी पाणी पण लवकर लवकर, आणि चिकण मातीला जास्त पाणी पण उशिराने द्यावे लागते. पहिल्या महिन्यात प्रत्येक पाण्यानंतर सळई वापरली की पुढे अंदाज हाताला बसतो.

पाणी देण्याची सर्वांत सोयीची पद्धत ठिबकची आहे. वाळूत पाणी आडवे कमी पसरते आणि सरळ खाली जाते, म्हणून नळ्या ३० सेंटिमीटर अंतरावर आणि नळीवरचे ड्रिपरही ३० सेंटिमीटरवर घ्यावेत. आपल्या वाफ्यात चार नळ्या आणि सुमारे ३२ ड्रिपर बसतात; प्रत्येकातून तासाला २ लिटर पाणी येत असेल तर तासाला ६४ लिटर होतात आणि ३० लिटरसाठी अर्धा तास पुरतो. गाळणी लावायला विसरू नये आणि महिन्यातून एकदा नळ्यांची टोके उघडून आत साठलेला गाळ वाहू द्यावा.

झारी किंवा नळीने पाणी देणाऱ्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. उन्हात पडलेल्या नळीतले पाणी हात भाजेल इतके तापते. मी पहिल्या वर्षी दुपारी घरी आल्यावर सुकलेली दिसणारी लेट्यूसची रोपे पाहिली, घाईने नळ सोडला आणि पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या पाण्याने दोन ओळी अक्षरशः शिजवल्या. तिसऱ्या ओळीपर्यंत पाणी थंड झाले होते, म्हणून ती वाचली. नळीतले पाणी आधी बादलीत काढावे आणि हाताला थंड लागले की मगच वाफ्याकडे वळवावे. शक्यतो पहाटे पाणी द्यावे. दुपारी भोपळ्याची किंवा काकडीची पाने मलूल पडणे म्हणजे तहान असेलच असे नाही. मुळे पुरवतात त्यापेक्षा पाने जास्त पाणी गमावतात, एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ झाली तर काही करायचे नाही. सकाळीही मलूल असतील तर पाणी द्यावे.

ठिबक नको असेल तर मटका सिंचन हा जुना आणि चोख उपाय आहे. चीनमधील २००० वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणातही जमिनीत पुरलेल्या मातीच्या घड्यांचे वर्णन आढळते. न रंगवलेला, न झिलई दिलेला ५ लिटरचा मातीचा घडा गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे आणि त्याच्या भोवती २० ते ३० सेंटिमीटरच्या आत रोपे लावावीत. माती कोरडी झाली की पाणी घड्याच्या छिद्रांतून ओढले जाते, ओली असली की थांबते. दोन ते चार दिवसांनी घडा पुन्हा भरावा लागतो. क्षारांनी छिद्रे बुजतात, त्यामुळे हंगामानंतर घडा काढून घासून स्वच्छ करावा. फार बारीक बियांच्या पिकांना, जसे गाजराला, ही पद्धत सोयीची नाही.

शेवटचा मुद्दा क्षारांचा. प्रत्येक पाण्याबरोबर थोडे क्षार येतात, पाणी उडून जाते आणि क्षार राहतात. पावसाचा भरवसा नसल्यामुळे ते धुऊन काढणे आपल्याकडेच येते : हिवाळ्यात महिन्यातून एकदा आणि उन्हाळ्यात दोनदा नेहमीपेक्षा दुप्पट पाणी सावकाश सोडून क्षार मुळांच्या खाली ढकलावेत. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपत असतील आणि माती ओलीच असेल, तर हे काम लांबले आहे असे समजावे.

पेरणी आणि रोपे

उन्हाळा नुकताच ओसरलेला असताना बियांचा मुख्य शत्रू असतो तो वरचा कोरडा पापुद्रा. ओळीत बी थोडे खोल पेरून वरून चाळलेले कंपोस्ट टाकावे, पाणी द्यावे आणि ओले गोणपाट अंथरावे. गोणपाट रोज सकाळी उचलून पाहावे, कारण पहिला अंकुर दिसल्याच्या दिवशीच ते काढले नाही तर रोपे त्यात अडकून उपटली जातात. गाजराला उगवायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे तिथे कंटाळा येतो आणि घात होतो. लेट्यूसचे बी माती ३० अंशांच्या आसपास तापलेली असेल तर रुजायलाच नकार देते; ते घरात थंड जागी ट्रेमध्ये रुजवून मग बाहेर न्यावे.

रोपे नेहमी सूर्य कलल्यावर लावावीत, आळ्यात आधी पाणी भरून ते जिरू द्यावे आणि रोप बसवून पुन्हा पाणी द्यावे. पहिले आठ दिवस पश्चिमेकडून पुठ्ठ्याचा किंवा फांदीचा आडोसा पुरेसा असतो. पहिल्या हंगामासाठी माझी निवड अशी असेल : मुळा, कारण तो २५ ते ३० दिवसांत हाती येतो आणि धीर देतो, मेथी आणि पालक थोडे थोडे दर पंधरा दिवसांनी, पातीसाठी कांदा, एक ओळ बीट, आणि चार-पाच चेरी टोमॅटोची रोपे, त्याहून जास्त नाहीत. कोबी आणि फ्लॉवर जागा खूप अडवतात, त्यांना दुसऱ्या वर्षी बोलवावे.

वाळूत अन्नद्रव्ये टिकत नाहीत, म्हणून खत एकदम देण्याऐवजी दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे द्यावे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील तर लोह कमी पडते आहे. मातीत लोह असते, पण जास्त सामूमुळे मुळांना मिळत नाही. अशा जमिनीत ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न पडता मुळांना मिळेल अशा संयुगात बांधलेले लोह, उपयोगी पडते. ईडीटीए प्रकारचे स्वस्त असते, परंतु चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. त्याआधी पाणी जास्त तर होत नाही ना, हे पाहावे, कारण सतत ओल्या मातीतही हेच लक्षण दिसते.

आच्छादन आणि सावली

उघड्या वाळूचा पृष्ठभाग उन्हाळ्याच्या दुपारी ६० अंशांच्याही पुढे जातो. रोपे ८ ते १० सेंटिमीटर उंच झाली की त्यांच्या मधल्या जागेत पेंढा, वाळलेली पाने किंवा गवत यांचे ५ ते ८ सेंटिमीटर जाड आच्छादन घालावे, खोडाभोवती मात्र दोन बोटे जागा मोकळी सोडावी. ठिबकच्या नळ्या आच्छादनाखाली असाव्यात. वाळवी लागत असेल तर आच्छादन पातळ करून वरचेवर हलवावे.

दिवस पुन्हा तापू लागले की शेडनेट चढवावी. टोमॅटो, मिरची, वांगी यांना ३० ते ४० टक्के सावली देणारी, पालेभाज्यांना ५० टक्क्यांची. त्याहून दाट जाळीखाली झाडे लांबुडकी होतात. जाळी पिकाला टेकवू नये. ती दोन मीटर उंचीवर ताणून पश्चिमेच्या बाजूला खाली उतरवावी आणि बाकीच्या बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. टोमॅटो आणि मिरचीची पाने या दिवसांत छाटू नयेत, कारण उघडे पडलेले फळ उन्हाच्या बाजूने पांढुरके आणि कागदासारखे पातळ होते. कुंड्यांत लावणाऱ्यांनी काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या टाळाव्यात किंवा त्या मोठ्या, फिक्या रंगाच्या कुंडीत ठेवून मधली जागा पेंढ्याने भरावी, नाहीतर मुळे बाजूने भाजतात.

तक्रारी आणि कीड

कोरड्या उष्णतेत लाल कोळी सर्वांत आधी येतो : पानांवर बारीक फिकट ठिपके, खालच्या बाजूला विरळ जाळे आणि भिंगातून दिसणारे हलते कण. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने दोन-तीन दिवसांआड मारला तर तो बराच आटोक्यात राहतो. पांढरी माशी टोमॅटोत पाने वळवणारा विषाणू पसरवते; रोपे लहान असताना बारीक जाळीखाली ठेवणे आणि शेंडा आकसलेले झाड उपटून टाकणे एवढेच हातात असते. टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडला तर कॅल्शिअमची पिशवी शोधू नये. पाणी कधी जास्त, कधी कमी होत असल्याने फळापर्यंत कॅल्शिअम पोचत नाही आणि पाणी नियमित झाले की पुढची फळे चांगली येतात.

उन्हाळ्यात वाफ्याचे काय करावे

कडक उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी, माठ, घोळ, मायाळू आणि रताळ्याचे वेल तग धरतात, आणि पाणी मुबलक असेल तर त्यांनी एखादा कप्पा भरावा. मांडवावर चढवलेला दुधी किंवा दोडका आपलीच सावली तयार करतो. त्यांची फुले संध्याकाळी उघडतात, त्यामुळे फळ धरत नसेल तर दिवस मावळल्यावर नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे. भोपळ्याचे हेच काम उजाडताच करावे लागते, कारण त्याची फुले ऊन चढले की मिटतात.

उरलेला वाफा रिकामा ठेवण्यात कमीपणा नाही. उलट, वाळूत मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव मोठा असतो आणि त्यांच्यावर ऊन हेच औषध आहे. सर्वांत तापलेल्या दिवसांत वाफा साफ करून भरपूर पाणी द्यावे, दुसऱ्या दिवशी पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद मातीला चिकटेल असा ताणून अंथरावा आणि चारही कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. काळा कागद चालत नाही, कारण तो स्वतः तापतो आणि मातीला कमी उष्णता देतो. या काळात वरच्या थरातील सूत्रकृमी, बऱ्याचशा तणांचे बी आणि काही रोगकारक बुरशी मरतात. कागद काढल्यावर माती खोल उकरू नये, अन्यथा खालच्या न तापलेल्या थरातले बी आणि सूत्रकृमी वर येतात. वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये नवे कंपोस्ट मिसळावे, एक भरपूर पाणी द्यावे आणि कमाल तापमान ३५ अंशांच्या खाली उतरले की मुळ्याची पहिली ओळ पेरावी.